उठावाच्या आणि जाळीच्या विणी: टाके वाचत विणताना

ज्याला सुलट आणि उलट टाका येतो, त्याला जाळीची शाल विणता येते. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही, खरंच तसं आहे. साधा मफलर विणलेली माणसं एखादी नाजूक जाळीची शाल हातात घेतात आणि ही काहीतरी वेगळीच विद्या आहे असं समजून परत ठेवतात. त्या शालीत सुलट-उलटाखेरीज जेमतेम तीन हालचाली जास्त असतात: सुईवर धाग्याचा वेढा घेणं, दोन किंवा तीन टाके एकत्र विणणं, आणि टाक्यांच्या जागांची अदलाबदल.

अडतं ते दुसरीकडेच. लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवून आपण विणत जातो आणि सुईकडे बघतच नाही. मग चूक सहा ओळी वर गेल्यावर दिसते. म्हणून या लेखात प्रत्येक विणीच्या कृतीबरोबर सुईवर काय दिसायला हवं तेही सांगितलं आहे. कृती विसरली तरी चालेल, ते दिसणं लक्षात ठेवा.

लोकर आणि सुया

शिकण्यासाठी फिक्या रंगाची, एकरंगी, गुळगुळीत आणि जरा पीळदार लोकर घ्या. गडद रंगात टाके दिसत नाहीत, केसाळ लोकरीत ते एकमेकांना चिकटतात आणि उसवताना रडवतात. रंग बदलत जाणारी लोकर गुंड्यात फार सुंदर दिसते, पण उठावाची वीण ती गिळून टाकते. डोळा रंगाच्या मागे जातो आणि विणीची मेहनत दिसतच नाही. अशी लोकर साध्या विणीसाठी ठेवा.

मध्यम जाडीच्या लोकरीला 4 मिमीच्या सुया ठीक. उठावाच्या विणीसाठी लोकरीला साजेशीच सुई हवी. जाळीसाठी मात्र एक-दोन नंबर मोठी घ्या, म्हणजे भोकं मोकळी होतात. टोक अणकुचीदार असावं, कारण बोथट टोकाने तीन टाके एकत्र उचलताना हात दुखतो. याशिवाय दोऱ्याच्या काही कड्या (खुणेसाठी), वेणीसाठी एक छोटी जादा सुई, क्रोशाची सुई, बोथट टोकाची शिवणाची सुई आणि वेगळ्या रंगाचा बारीक सुती दोरा जवळ ठेवा.

आधी टाका वाचायला शिका

वीस टाके घाला. सुलट बाजूने सगळे सुलट आणि परतताना सगळे उलट, अशा आठ-दहा ओळी विणा. आता तुकडा उजेडात धरा. समोर पाकळ्यांच्या जोड्या दिसतील, खाली निमुळत्या आणि वर उघडलेल्या. तो सुलट टाका. तुकडा पालटलात की आडव्या गाठींच्या रांगा दिसतील. तो उलट टाका. टाका एकच, त्याच्या या दोन बाजू. सुईवरच्या टाक्याच्या गळ्याशी आडवी गाठ असेल तर तो तुमच्याकडून उलट आहे, गळा मोकळा असेल तर सुलट. इतकं ओळखता आलं की 'दिसेल तसं विणा' या सूचनेला कागद लागत नाही.

हा तुकडा टेबलावर ठेवलात की दोन्ही बाजूंच्या कडा मागे वळतात, वरची आणि खालची कड पुढे वळते. धागा प्रत्येक टाक्यात वाकवलेला असतो आणि तो सरळ व्हायला बघतो. सगळे टाके एकाच बाजूला तोंड करून बसले, की त्या सगळ्यांचा ओढा एकाच दिशेला जातो. सुलट-उलट मिसळले की ओढा दोन्हीकडे वाटला जातो आणि कापड सपाट बसतं. काठाला सगळ्या ओळी सुलट विणतात ते याचसाठी, कारण परतीची सुलट ओळ समोरून उलट दिसते.

यातूनच उठावाचं सगळं शास्त्र निघतं. उलट टाक्यांचा उभा पट्टा असेल तर तो आत जातो आणि सुलट पट्टा वर येतो, जसं स्वेटरच्या बॉर्डरमध्ये होतं. उलट टाक्यांची आडवी ओळ असेल तर मात्र उलटच वर येते आणि सुलट मागे बसते. हे एकदा समजलं की कुठलीही उठावाची वीण बघून ती का फुगली आहे ते सांगता येतं.

साबुदाणा वीण

टाके विषम घाला, समजा 21. प्रत्येक ओळीत 1 सुलट, 1 उलट असं विणत जा, शेवटी 1 सुलट. सगळ्या ओळी सारख्याच. विणताना बघायचं इतकंच: समोर सुलट दिसतो त्यावर उलट विणायचा, गाठ दिसते त्यावर सुलट. दोन गाठी उभ्या एकावर एक आल्या तर तुम्ही बॉर्डर विणायला लागला आहात. तिथेच थांबा आणि ती ओळ परत घ्या. ही वीण कापडाला रुंद आणि दाट करते, कडा वळू देत नाही. कॉलर, खिशाचा काठ, बाळाच्या पांघरुणाची किनार यांना तिच्यासारखी दुसरी वीण नाही.

चटईची वीण

टाके 8 च्या पटीत, समजा 24.

ओळ 1 ते 4: 4 सुलट, 4 उलट, शेवटपर्यंत असंच.

ओळ 5 ते 8: 4 उलट, 4 सुलट, शेवटपर्यंत असंच.

या आठ ओळी पुन्हा पुन्हा विणायच्या. परतीच्या ओळीतही सूचना तीच राहते, कारण सुलट बाजूने शेवटी विणलेले चार उलट टाके पालटल्यावर सुलट होऊन सुरुवातीला येतात. चौकटी चौरस वाटत नसतील, जरा पसरट दिसत असतील, तर गडबडू नका. टाका उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो. चौरसच हव्या असतील तर चारऐवजी सहा ओळींनी आळीपाळी करा.

वेणी

वेणी बघून लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि विणून झाल्यावर सगळ्यात जास्त खूश होतात. वेणीत नवा टाकाच नसतो. टाके आपली जागा सोडून शेजाऱ्याच्या जागी जातात आणि मग साधे सुलट विणले जातात.

दहा टाक्यांचा पट्टा घ्या: 2 उलट, 6 सुलट, 2 उलट. परतीच्या ओळीत दिसेल तसं. बाजूचे उलट टाके आत बसतात, म्हणून वेणी वर उचलून येते. ते वगळले तर वेणी कापडात बुडून जाते. चार ओळी विणा. पाचव्या ओळीत 2 उलट विणल्यावर पहिले तीन सुलट टाके न विणता जादा सुईवर घ्या आणि ती सुई कापडाच्या पुढे, आपल्याकडे ठेवा. डाव्या सुईवरचे पुढचे तीन सुलट विणा, मग जादा सुईवरचे तीन सुलट विणा. वेणी डावीकडे वळली. जादा सुई मागे ठेवली असती तर ती उजवीकडे वळली असती. यापुढे दर आठव्या ओळीत हा पीळ घ्यायचा.

पीळ दिल्या दिल्या तिथला पहिला टाका ताणलेला दिसतो आणि डाव्या बाजूला छोटी फट पडते. पिळानंतरचा पहिला उलट टाका विणताना धागा जरा घट्ट ओढा, फट मिटते. ओळी मोजताना गोंधळ झाला तर पिळाच्या जागी बोट घालून कापड किंचित ताणा. जिथे टाके एकमेकांवरून गेले आहेत त्याच्यामागे एक छिद्र दिसतं. तिथून वर सुईपर्यंत ओळी मोजा.

वेण्या कापड आत ओढतात. साध्या विणीच्या मापाने टाके घालून वेण्यांचा स्वेटर विणायला बसलं, तर तो एक माप लहान होतो. मी पहिला असा स्वेटर विणला तेव्हा पाठ पूर्ण झाल्यावर ती अंगाला लावून बघितली आणि सगळी उसवली. तेव्हापासून वेणीचा तुकडा विणून मोजल्याशिवाय मी टाके घालत नाही.

दाण्यांबद्दल थोडंसं. एस्टोनियातल्या हापसालूच्या शालींवर जे छोटे गोल दाणे दिसतात, ते एकाच टाक्यातून येतात. त्या टाक्यात 1 सुलट, वेढा, 1 सुलट, वेढा, 1 सुलट असं खूप सैल विणायचं, म्हणजे एकाचे पाच होतात. परतीच्या ओळीत ते पाचही एकत्र उलट विणायचे. सगळं यश त्या सैलपणात आहे. पहिल्या ओळीत हात आखडला तर दुसऱ्या ओळीत सुई आत जाणारच नाही.

जाळीचा जमाखर्च

जाळीतलं भोक म्हणजे सुईवर घेतलेला धाग्याचा वेढा. वेढ्याने एक टाका वाढतो. कापडाची रुंदी तीच राहायला हवी, म्हणून कुठेतरी दोन टाके एकत्र विणून एक कमी करावा लागतो. जितके वेढे तितक्या जोड्या. जाळीच्या बहुतेक विणींमध्ये हा हिशेब त्याच ओळीत मिटतो. ओळीच्या शेवटी टाके मोजायचे ते हा हिशेब जुळला का ते बघायला.

वेढा घेताना पुढचा टाका सुलट असेल तर धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणा आणि तसाच तो टाका विणा. धागा आपोआप सुईवर आडवा पडतो. पुढचा टाका उलट असेल तर धागा पुढे आणून सुईभोवती पूर्ण फिरवून परत पुढे घ्या. वेढ्यानंतर टाका न विणता उचलायचा असेल, तर धागा आधी सुईवरून मागे न्या आणि मगच टाका उचला. हे कुणी सांगत नाही. नेला नाहीत तर धागा उचललेल्या टाक्याच्या पुढून जातो आणि भोक विस्कटतं.

जोड तीन प्रकारची. दोन टाके एकत्र सुलट विणले की जोड उजवीकडे झुकते. दोन टाके एकेक करून सुलट विणल्यासारखे उजव्या सुईवर उचला, डावी सुई त्यांच्या पुढून आत घाला आणि दोन्ही एकत्र विणा, की जोड डावीकडे झुकते. दोन टाके एकदम, एकत्र सुलट विणल्यासारखे उचला, पुढचा 1 सुलट विणा आणि उचललेले दोन्ही त्याच्यावरून ओढून टाका, की मधला टाका वर राहून सरळ उभी रेघ येते. ही तिसरी जोड दोन टाके कमी करते, म्हणून तिच्यासोबत दोन वेढे हवेत. पुढे मी तिला 'मधली जोड' म्हणते.

झुकाव ही शोभेची गोष्ट नाही, चित्र त्यानेच बनतं. पानाच्या एका कडेला उजवी आणि दुसऱ्या कडेला डावी जोड असते म्हणून पान पानासारखं दिसतं. दोन्हीकडे एकच जोड वापरली तर भोकं जागच्या जागी असूनही पान वाकडं दिसतं.

लाटांची जाळी

जाळीची सुरुवात मी नेहमी हिच्यापासून करायला सांगते. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर ही फार जुनी आहे. त्या बेटांपैकी उन्स्टवर इतक्या बारीक धाग्याच्या शाली विणल्या गेल्या, की आख्खी शाल बोटातल्या अंगठीतून ओढून काढता यायची. या विणीत चार ओळींपैकी एकच ओळ लक्ष देऊन विणायची असते.

टाके 18 च्या पटीत, अधिक दोन्ही काठांचे 3-3. नमुन्याला 42 घाला, आणि सैल घाला. दोन नंबर मोठ्या सुईवर घातलेत तर उत्तम. काठाचे 3 टाके प्रत्येक ओळीत सुलट. मधले 36 असे:

ओळ 1: सगळे सुलट.

ओळ 2: सगळे उलट.

ओळ 3: दोन एकत्र सुलट, असं तीनदा, मग वेढा, 1 सुलट, असं सहादा, मग पुन्हा दोन एकत्र सुलट, तीनदा. पुढच्या 18 टाक्यांवर हेच.

ओळ 4: सगळे सुलट.

तिसऱ्या ओळीत सहा जोडी, सहा वेढे. हिशेब जुळला. दर 18 टाक्यांनंतर सुईवर दोऱ्याची कडी अडकवा, म्हणजे चूक झाली तरी ती 18 टाक्यांच्या एकाच घरात शोधायची. जिथे जोड्यांचा गठ्ठा आहे तिथे कापड आवळतं, जिथे वेढे आहेत तिथे पसरतं, आणि ओळ लाटेसारखी वरखाली होते. चौथी ओळ उलट बाजूने सुलट विणल्यामुळे समोरून गाठींची रेघ उठते आणि लाट ठळक होते. पुढच्या वेळी तिसरी ओळ विणताना बघा, नव्या जोड्या जुन्या जोड्यांच्या बरोबर डोक्यावर यायला हव्यात. तसं झालं तर मोजायची गरजही नाही.

घोड्याच्या नालेची जाळी

टाके 10 च्या पटीत अधिक 1, अधिक काठ. तीन घरांसाठी 31 आणि काठाचे 6, म्हणजे 37. काठ पहिल्यासारखाच. परतीच्या सगळ्या ओळी मधल्या भागात उलट. सुलट बाजूच्या प्रत्येक ओळीत आधी 1 सुलट, आणि मग दर 10 टाक्यांवर:

ओळ 1: वेढा, 3 सुलट, मधली जोड, 3 सुलट, वेढा, 1 सुलट.

ओळ 3: 1 सुलट, वेढा, 2 सुलट, मधली जोड, 2 सुलट, वेढा, 2 सुलट.

ओळ 5: 2 सुलट, वेढा, 1 सुलट, मधली जोड, 1 सुलट, वेढा, 3 सुलट.

ओळ 7: 3 सुलट, वेढा, मधली जोड, वेढा, 4 सुलट.

आठवी ओळ उलट, मग पुन्हा पहिलीपासून. आता सूचना बाजूला ठेवून आकडेच बघा. वेढ्याबाहेरचे टाके 0, 1, 2, 3 असे वाढतात, आतले 3, 2, 1, 0 असे घटतात. मधली जोड चारही ओळींत घरातल्या त्याच जागेवर आहे. भोकं दोन्ही बाजूंनी तिच्याकडे चढत येतात. म्हणून विणताना एकच गोष्ट बघा: मधल्या जोडीसाठी उचललेल्या दोन टाक्यांपैकी दुसरा, म्हणजे तिघांतला मधला, हा खालच्या उभ्या रेघेचाच टाका आहे ना? असेल तर बिनधास्त पुढे जा. नसेल तर मागच्या एका घरात वेढा राहिला आहे किंवा जास्त झाला आहे, आणि ते तुम्हाला चूक झाल्यापासून दहा टाक्यांच्या आत कळलं. सातव्या ओळीत वेढ्यानंतर लगेच टाके उचलायचे आहेत. धागा आधी मागे न्यायचा तो इथे.

तक्त्यावरून विणणार असाल तर तो खालून वर वाचायचा, सुलट बाजूच्या ओळी उजवीकडून डावीकडे आणि उलट बाजूच्या डावीकडून उजवीकडे. बहुतेक तक्त्यांत गोल म्हणजे वेढा, तिरकी रेघ म्हणजे त्या दिशेला झुकणारी जोड. खुणा कापड समोरून जसं दिसतं तशा काढलेल्या असतात, म्हणून तक्ता आणि विणलेला तुकडा शेजारी ठेवून ताडून बघता येतो. लिहिलेल्या सूचनांपेक्षा मला तक्ता जास्त आवडतो तो याचसाठी.

चूक सापडली तर

वेढा राहिला आणि पुढच्याच ओळीत लक्षात आलं, तर उसवू नका. त्या जागेपर्यंत या, दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईने उचला आणि तो वेढा समजून विणा. भोक जरा लहान राहील, पण धुऊन ताणल्यावर सहसा ओळखू येत नाही.

साध्या विणीत टाका सुटला तर क्रोशाच्या सुईने शिडी चढत वर आणता येतो. जाळीत सुटलेला टाका खाली जोडीपर्यंत पोचला की जोडीतले दोन्ही टाके मोकळे होतात आणि वेढे कुठले, टाके कुठले हेच समजत नाही. म्हणून सुती दोऱ्याचा आधार. आठ ओळी पूर्ण झाल्या आणि टाके बरोबर भरले, की बोथट सुईत दोरा ओवून तो सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून घाला. खुणेच्या कड्यांमधून घालू नका, नाहीतर त्या कापडात अडकतात. दोरा तसाच ठेवून पुढे विणा. काही बिघडलं तर सुई काढून दोऱ्यापर्यंत निर्धास्त उसवा, टाके तिथे रांगेत वाट बघत असतात. पुढच्या आठ ओळींनंतर दुसरा दोरा घाला आणि मगच पहिला काढा. मी एकदा शालीच्या शेवटच्या हातभर भागात कंटाळून दोरा घातला नाही, आणि त्याच भागात टाका सुटला. ती संध्याकाळ आणि पुढचा दिवस त्यात गेला.

टाके बंद करणं आणि पाण्यातून काढणं

नेहमीसारखे घट्ट टाके बंद केले तर जाळीची ती कड दोरीसारखी आवळते आणि मग कितीही ताणा, लाट उमलत नाही. त्यासाठी 2 सुलट विणा, डावी सुई त्या दोघांच्या पुढून घाला आणि दोन्ही एकत्र सुलट विणा. मग 1 सुलट, पुन्हा दोन्ही एकत्र. शेवटपर्यंत असंच.

सुईवरून उतरलेली जाळी बघून मन खट्टू होतं. चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते ती. खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात 15-20 मिनिटं बुडवून ठेवा. चोळू नका आणि एकदम गरम-गार पाणी बदलू नका, लोकर आटून गठ्ठा होते. उचलताना दोन्ही हातांचा आधार द्या, पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा. मग गादीवर किंवा जाड चादरीवर पसरा, आधी मधली रेघ सरळ करा आणि मग मधून कडांकडे ताणत न गंजणाऱ्या टाचण्या लावा. लाटांच्या जाळीत प्रत्येक लाटेच्या टोकाला एक टाचणी. भोकं डोळ्यांदेखत उघडतात. पूर्ण वाळेपर्यंत, साधारण एक दिवस, हात लावू नका.

वेणी, साबुदाणा आणि चटई यांना ओलं करून नुसतं सपाट पसरायचं. ताणलंत तर कष्टाने आणलेला उठाव बसून जाईल. ॲक्रिलिक पाण्याने आकार धरत नाही. त्याला टाचण्या लावून इस्त्रीची वाफ लांबून द्या, इस्त्री कापडाला टेकवू नका. जास्त उष्णता लागली की ॲक्रिलिक कायमचं लुळं पडतं.

माप घ्यायचं ते आता, वाळल्यावर आणि टाचण्या काढल्यावर. लाटांच्या तुकड्यातली दोन घरं 18 सेमी भरली तर एक घर 9 सेमीचं. 54 सेमी रुंदीच्या शालीला सहा घरं, म्हणजे 108 टाके आणि काठाचे 6, एकूण 114. धाग्याची टोकं आत ओवायची तीही याच वेळी. आधी ओवली तर ताणताना ती कापड ओढून धरतात. ओवल्यावर टोकं दोन सेंटीमीटर तशीच ठेवा आणि एकदा वापरून, धुऊन झाल्यावर कापा.